अमोल, हुकलेली तीन महिन्यांची तारीख परत घे

चि. अमोल यास, आईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर हे बोलता येत नाही, तुझ्या आजूबाजूला कायम कोणीतरी असतं आणि मी विषय काढला की तू "हां आई, सगळं ठीक आहे" म्हणतोस आणि नेटवर्क जातं, म्हणून लिहितेय. मोठं झालंय, पण शेवटपर्यंत वाच.

प्राजक्ताने सांगितलं की फौजेच्या हॉस्पिटलने तीन महिन्यांनी परत तपासायला दिलेली तारीख तू जाऊ दिलीस. तिच्यावर चिडू नकोस, मीच खोदून खोदून विचारलं. पहिल्या वेळी डॉक्टरसाहेबांनी बघितलं, फिट म्हणाले, मग परत कशाला, असं तू म्हणालास म्हणे. अरे, तुझ्या आईचं निम्मं आयुष्य नर्स म्हणून वॉर्डात गेलंय. टाके घातलेल्या पेशंटला आम्ही परत बोलावतोच ना, पहिल्या दिवशी ड्रेसिंग छान दिसलं म्हणून कोणी त्याला तसंच सोडून देत नाही.

आणि मनाचं तर अजूनच वेगळं असतं. एवढी मोठी घटना झाल्यावर पहिले काही आठवडे झोप न लागणं, दचकणं, तेच तेच डोळ्यासमोर येणं हे बऱ्याच जणांना होतं आणि बहुतेकांचं आपोआप निवळतं. महिना उलटून गेल्यावरही तसंच राहिलं तर मग डॉक्टर पीटीएसडीचा, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर जडणाऱ्या मनाच्या आजाराचा, विचार करतात, आणि काही जणांना तर आधी काहीच होत नाही, सहा महिन्यांनी सगळं वर येतं. म्हणजे तुला चौथ्या दिवशी "फिट" म्हणाले ते त्या दिवसापुरतं खरं होतं, पुढचं त्यात काहीच कळत नाही.

इराकहून परत आलेल्या ८८ हजारांवर अमेरिकन सैनिकांचा एक अभ्यास २००७ साली छापून आला होता, तो मी वाचला. त्यांच्याकडे परत आल्या आल्या एक तपासणी होते आणि तीन ते सहा महिन्यांनी दुसरी, आणि दुसऱ्या वेळी त्रास सांगणारे बरेच जास्त निघाले. मला त्यात नवल वाटलं नाही. घरी जायची घाई असलेला जवान फॉर्मवर सगळीकडे "नाही" वरच टिक करणार. ब्रिटिश रॉयल मरीन्समध्ये ट्रिम म्हणून पद्धत सुरू झाली, त्यात डॉक्टर नाही तर पलटणीतलाच ट्रेनिंग घेतलेला माणूस साधारण तीन दिवसांनी एकेकाशी बोलतो आणि महिन्याने तोच माणूस परत येऊन बसतो. मला हे फार पटलं, कारण परत येऊन विचारणाराच खरं ऐकतो. सगळ्यांना एका हॉलमध्ये बसवून एकदाच बोलतं करायचं आणि सोडून द्यायचं, त्याने पुढचा आजार टळत नाही हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय.

आता तुझं सांगते. काय झालं, कुठे झालं ते मी विचारत नाही, विचारणारही नाही. पण तू सुट्टीवर आला होतास तेव्हा मी बघत होते. कॅनॉलच्या रस्त्याने आपण बाजारला निघालो आणि कडेला मुरमाचा ढीग दिसला की तू गाडी पार पलीकडच्या बाजूला घ्यायचास, समोरून उसाचा ट्रॅक्टर येत असला तरी. मी मागे बसून तुझी पाठ बघत होते, नुसती ताठ झालेली. मोरीजवळ तर तू थांबलासच, मला म्हणालास चप्पल नीट घाल, माझी चप्पल नीटच होती. आणि गडहिंग्लजला तुझ्याबरोबर असलेल्या संदीपच्या घरी जायचं तू रोज ठरवायचास आणि रोज काहीतरी काम काढायचास. त्याच्या आईचा मला फोन आला होता, "अमोल आला नाही का अजून" एवढंच विचारलं त्यांनी. रागावल्या नाहीयेत त्या. तुझ्या तोंडून त्यांना ऐकायचंय, बाकी कोणाकडून नको. पण मी तुला आत्ताच जा म्हणत नाही, आधी डॉक्टरांना सांग की मला तिथे जाता येत नाहीये. हे अगदी ह्याच शब्दांत सांग. टाळाटाळ हे सुद्धा लक्षणच आहे, ते सांगितलं नाहीस तर त्यांना कळणार कसं?

नानांचं तुला थोडंफार माहिती आहे. १९८७ ला शांतिसेनेतून श्रीलंकेत जाफन्याला गेलेल्यांतले ते. शांतिसेना १९९० ला परत आली, आपले अकराशेच्या वर जवान तिकडेच कामी आले. आमचं लग्न नंतरचं. नवीन नवीन शेतात गेलो की नाना बांधावर माझ्या मागून चालायचे आणि बरोबर माझ्या पावलावर पाऊल टाकायचे, मला वाटायचं चेष्टा करतात. सुरुंगाच्या वाटेवरची सवय होती ती, हे मला फार उशिरा कळलं. पीटीएसडी हे नाव अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या पुस्तकात १९८० सालीच आलं होतं, पण आपल्या गावात हवालदाराला "झोप लागते का" असं विचारायला कोण येणार होतं? माझ्या माहेरी अपशिंग्याला पहिल्या महायुद्धात शहीद झालेल्या ४६ जणांचा स्तंभ आहे, आम्ही लहानपणी त्याच्यासमोरून शाळेत जायचो. जे परत आले त्यांचं काय झालं ते कुठेच लिहिलेलं नाही. नाना आजही म्हणतात आमच्या वेळी असलं काही नव्हतं. नव्हतं म्हणूनच माझा जीव तुटतो रे, तुझ्या वेळी आहे तर ते घे.

तुझी खरी भीती मला माहिती आहे. फौजेच्या तब्येतीच्या ग्रेडिंगमधला, शेपमधला, मनाचा एस. एस वनचा एस टू झाला की खालची मेडिकल कॅटेगरी लागणार, हत्यार काढून घेणार, पलटणीत सगळ्यांना कळणार, पुढे प्रमोशनला अडचण. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, काही महिने तुला ते जड जाईल, लोक बघतीलही. पण टेम्पररी कॅटेगरी म्हणजे शिक्का नाही, ठरलेल्या आठवड्यांनी रिव्ह्यू असतो आणि बरं वाटलं की वर येता येतं. रिव्ह्यू हा शब्दच त्यासाठी आहे. आणि रात्री तीनला उठून बसणाऱ्या माणसाच्या हातात रायफल असण्यापेक्षा थोडे दिवस ती कोतमध्ये, हत्यारांच्या खोलीत, असलेली मला चालेल. हे लिहिताना हात थरथरतोय पण लिहिलं.

दोन गोष्टी नर्स म्हणून. कॅन्टीनची रम झोपेसाठी घेऊ नकोस, पहिल्यांदा डोळा लागतो आणि मध्यरात्रीनंतर झोप मोडतेच, स्वप्नं अजून वाईट पडतात. मेडिकलमधून कोणाच्या तरी चिठ्ठीवर झोपेच्या गोळ्या तर अजिबात नको, त्याची सवय लागते आणि मूळ दुखणं तसंच राहतं. डॉक्टरांनी स्वतः गोळी सुरू केली तर ती घे, पण परिणाम दिसायला काही आठवडे जातात, आठ दिवसांत काही झालं नाही म्हणून सोडून द्यायची नाही. आणि नुसत्या गोळ्याच असतात असंही नाही, त्या प्रसंगाबद्दल हळूहळू, शिकलेल्या माणसासमोर बोलायची ट्रीटमेंट असते आणि तिचा चांगला उपयोग होतो. बोलताना पहिले काही वेळा जास्त त्रास होईल, ते धरूनच चाल.

तर आता असं कर. एमआय रूमला, पलटणीच्या दवाखान्यात, जाऊन आरएमओ साहेबांना, पलटणीच्या डॉक्टरांना, सांग की तारीख हुकली, नवीन द्या. थेट जायला जड वाटत असेल तर आधी पलटणीच्या देवळातल्या पंडितजींशी बोल, तू म्हणायचास ना की ते माणूस चांगले आहेत. तेही नको वाटलं तर १४४१६ हा टेली मानस ह्या सरकारी मनाच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, कधीही लागतो, मराठीतही बोलतात. फौजेसाठी त्यांचा वेगळा सेल १ डिसेंबर २०२३ पासून पुण्यात फौजेच्या मेडिकल कॉलेजात, एएफएमसीला, सुरू झालाय. प्राजक्तालाही मी हा नंबर दिलाय, घरच्यांनीही फोन करावा, तिचीही झोप उडालीय हे लक्षात ठेव. पुढच्या सुट्टीत लागलंच तर मी तुझ्याबरोबर पुण्याला कमांड हॉस्पिटलला येईन, बाहेर बाकावर बसेन, आत काय बोललास ते विचारणार नाही.

आत गेल्यावर मात्र "ठीक आहे साहेब" म्हणून उठायचं नाही. मुरमाचे ढीग सांग, मोरी सांग, रात्री तीन वाजताचं सांग, संदीपचं सांग. आठवणार नाही असं वाटलं तर चिठ्ठीवर लिहून खिशात ठेव आणि चिठ्ठीच त्यांच्या हातात दे.

ओवी आता "पप्पा व्हिडिओ" म्हणून मोबाईल मागते. नाना बरे आहेत, गुडघा दुखतो. नवीन तारीख मिळाली की मला मेसेज कर, नुसती तारीख टाकलीस तरी चालेल.

तुझी,
आई