पाणी कुठवर आलं होतं?

आदरणीय काका,

आजच पेपर देऊन आले. हात दुखून राहिलाय, पण सौंदर्यशास्त्राचा प्रश्न पोटभर लिहिला. मार्क पडायचे ते पडोत. निकालानंतर आभार मानले तर ते निकालाचे होतील, म्हणून आजच लिहिते. नाव लिहीत नाही, तुम्हाला रुचणार नाही. वाचनालयात खिडकीपाशी स्वतःची उशी टाकून बसणारे काका म्हटलं की ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

ज्या शिकवणीत मी आधी पैसे भरले, तिथे 'उदात्त आणि सुंदर' वीस मिनिटांत उरकलं. फळ्यावर दोन रकाने. सुंदर म्हणजे लहान, गुळगुळीत, नाजूक. उदात्त म्हणजे प्रचंड, अंधारं, भयंकर. हे मांडणारे तत्त्वज्ञ दोन, एडमंड बर्क १७५७, इमॅन्युएल कांट १७९०, लिहून घ्या. भीतीतूनही आनंद मिळतो, उदाहरणार्थ महापूर. मी हात वर केला. म्हटलं, सर, आमच्या घरात पूर शिरला होता, आनंद नाही झाला. पोरं हसली. सर म्हणाले, "मॅडम, अनुभवाला मार्क नसतात." सेहेचाळिसाव्या वर्षी एम.ए.ला बसलेल्या बाईने यावर काय बोलावं? वही मिटली, घरी आले.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात तुम्ही विचारलंत, "काय वाचून राहिली एवढं रागारागानं?" मी तणतणत सगळं सांगितलं. तुमच्यासमोर जाडजूड पुस्तक उघडं होतं. ते तुम्ही मिटलंत, खूणही न घालता, आणि विचारलंत, "पाणी कुठवर आलं होतं?"

मी उभी राहिले आणि बरगडीवर हात ठेवून दाखवलं.

पंचनाम्याच्या वेळीही हे विचारलं होतं, नाही असं नाही. पण तेव्हा टेप भिंतीला लागला होता. तुम्ही माझ्या हाताकडे बघत राहिलात. मग मी बोलत सुटले. २३ सप्टेंबर २०२३ची पहाट. आदल्या दिवशी महालक्ष्म्यांचं जेवण झालेलं, आंबिलीचं पातेलं अजून ओट्यावर. अंबाझरी तलाव भरून वाहिला, लाइट गेले आणि दाराखालून पाणी आलं. फ्रीज आडवा होऊन तरंगायला लागला. टॉर्चच्या उजेडात दोघी महालक्ष्म्या कोठ्यांवर तशाच उभ्या, पाणी साड्यांच्या निऱ्यांपर्यंत. मुखवटे तेवढे मी काढून सज्जावर ठेवले. पितळेचे ते गाल हाताला गार लागत होते. कोठ्यांतला गहू नंतर फुगून आंबला, त्याचा वास दिवाळीपर्यंत घरात होता.

हे सगळं ऐकून झाल्यावरच तुम्ही बर्क काढलात. म्हणालात, "बेटा, तुझं त्याच्याशी भांडणच नाही. तो तुझ्या बाजूचा आहे." आणि वाचून दाखवलंत: धोका फार जवळ येऊन भिडला, तर त्यात कसलीच गोडी उरत नाही, तो निव्वळ भयंकर असतो. मध्ये अंतर पाहिजे. आणि अंतर असलं तरी जे वाटतं त्याला तो साधं सुख म्हणत नाही. सुख वेगळं, आणि संकट टळल्यावर छातीतून सुटणारा श्वास वेगळा. इंग्रजीत त्याने दोन्हींना निराळे शब्द ठेवलेत. आमच्या नोट्सने दोन्हींना 'आनंद' करून टाकलं. म्हणजे वर्गात माझा प्रश्न बर्कचाच होता की हो!

मग तुम्हीच फिरवून सांगितलंत. १७४६मध्ये डब्लिनला लिफी नदीचा पूर बर्कच्या घराला भिडला, तेव्हा तो सोळा-सतरा वर्षांचा पोरगा, आणि मित्राला पत्रात लिहितो की निसर्गाचं हे भव्य, भयंकर रूप बघून बरं वाटतं. मी म्हटलं, म्हणजे आमचे सर बरोबर? तुम्ही हसलात. "त्याला कोठ्या उचलायच्या नव्हत्या ना."

कांटच्या पुस्तकातला सॅव्हॉयचा, म्हणजे आल्प्सच्या डोंगराळ भागातला, शेतकरी मात्र मला तुमच्यामुळेच भेटला. बर्फाच्या डोंगरांवर भाळणाऱ्यांना तो सरळ मूर्ख म्हणायचा. कांट त्याला भला, समंजस म्हणतो, पण मनाची मशागत झाली नसेल तर उदात्तही नुसतं भयंकरच दिसतं, असं दाखवायला त्याचाच दाखला देतो. तुम्ही चष्मा काढून पुसलात. "इथं मी शेतकऱ्याकडून. बर्फात त्याचं काय काय गेलं, हे कोणी विचारलं का त्याला?" आज उत्तरपत्रिकेत मी हे लिहिलं, माझं मत म्हणून. तुमचं आहे, माफ करा.

एक सांगायचं राहिलं. गेल्या पावसाळ्यात अंबाझरीचा ओव्हरफ्लो बघायला मी एकटीच गेले होते. भुट्टे, सेल्फी, ही गर्दी. मी लांब, कठड्यामागे उभी. पाणी पांढरं होऊन कोसळत होतं. कांटच्या यादीत मोठ्या नदीचा उंच धबधबाही आहे, आणि आपण सुरक्षित असू तरच तो ओढून घेतो, ही अटही. गुडघे कापत होते, पण पाय निघेना. भुट्टा हातातच गार झाला. आणि पुन्हापुन्हा आठवत होते ते सज्जावरचे मुखवटे. लहान, गुळगुळीत, पहिल्या रकान्यातले. त्या रात्री मी धरून होते ते त्यांनाच, हे फळ्यावर कुठल्या रकान्यात मांडायचं ते मला अजून सुधरत नाही. तुम्हालाच विचारीन.

हुशार माणसांची नागपुरात कमी नाही. त्यांना सगळं येतं, आणि येतं हे ते आपल्याला विसरू देत नाहीत. पुस्तक मिटून समोरच्याकडे बघणारा माणूस मला तरी या वयात एकच भेटला.

यंदा महालक्ष्म्यांच्या जेवणाला यायचं. सोळा भाज्या, पुरण, आंबील, सगळं आहे. आता आम्ही त्या वरच्या मजल्यावर बसवतो. जिना जरा उभा आहे, मुलगा खाली घ्यायला थांबेल. उशी आणू नका, आमच्याकडे आहे.

तुमची,
खिडकीसमोरच्या टेबलावरची