बाबा, कॉम्प्युटरवर आता विंडोज नाही, मिंट आहे

प्रिय आई, बाबा,

काल फोनवर बाबा एकदम गप्प झाले, म्हणून लिहूनच सांगते, फोनवर आपलं दोघांचं भांडणच होतं. बाबा, कॉम्प्युटरची जुनी डिस्क गेली तेव्हा तुम्ही "होतं तसंच करून दे" म्हणाला होता आणि मी नवीन डिस्कवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी, फुकट मिळणारी सिस्टीम टाकून पुण्याला आले. लागलं असणार तुम्हाला. पण ऐका ना.

विंडोज परत टाकता आलं असतं, त्याचं लायसन्स मदरबोर्डला जोडलेलं असतं त्यामुळे डिस्क बदलली तरी पैसे लागले नसते. पण विंडोज 10 चा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते ती आपल्या मशीनमध्ये नाही. तुम्ही पेन्शन, बँक, लाइटबिल सगळं त्यावरच करता. नवीन कॉम्प्युटर तुम्ही घेऊ दिला नसता, फ्रीजच्या वेळचं आठवतंय मला. मिंट 22 ला 2029 पर्यंत अपडेट मिळणार, फुकट, आणि या जुन्या मशीनवर ते हलकं चालतं. नवीन डिस्क एसएसडी आहे, तिच्यात जुन्या डिस्कसारखं फिरणारं काही नसतं, त्यामुळे चालू व्हायलाही वेळ लागत नाही, तुम्ही बटण दाबून चहा ठेवायला जायचा ते आता नको.

आणि बघा, फार काही बदललेलं नाही. मेनू खाली डाव्या कोपऱ्यातच आहे. अक्षरं मोठी करून ठेवलीत, चष्मा शोधत बसू नका. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड टाकलाय, तुमची बोटं जिथं बसलीत तिथंच सगळी अक्षरं. पंचगंगेच्या पाण्याच्या सगळ्या शीट डेस्कटॉपवर आहेत, दर पावसाळ्यात तुम्ही मला मेल करता ना, त्या मी एकूण एक जपून ठेवल्यात, 2019 ला राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं तीपण. लिब्रेऑफिसमध्ये, म्हणजे एक्सेलसारख्याच प्रोग्रॅममध्ये, उघडून बघितल्या, 39 फुटांच्या इशारा पातळीला पिवळा आणि 43 फुटांच्या धोका पातळीला लाल रंग तुम्ही केलेला तसाच दिसतोय.

आई, तुझी कीर्तनं आणि भजनं फायरफॉक्सच्या पहिल्याच पानावर लावलीत, एकदा दाबलं की चालू.

फोटोंचं तेवढं सांगायचंय. जुन्या डिस्कमधला तो टक्-टक् आवाज हेडचा, म्हणजे चकतीवरचं वाचणाऱ्या भागाचा होता, ते चकतीला न टेकता अगदी जवळून फिरतं, टेकलं की चकती खरवडते आणि त्यावरचं जातं. म्हणूनच तुम्ही "परत एकदा चालू करून बघू" म्हटलं की मी हात धरत होते, आणि शेजारच्या काकांचा फ्रीजमध्ये ठेवायचा उपाय तर नाहीच, आत पाणी सुटतं. डिस्क मी बरोबर आणलीय, धूळ नसलेल्या खोलीत उघडतात अशा लॅबला देते. सगळं निघेलच असं ते आधी सांगत नाहीत, पण आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाची डीव्हीडी ट्रंकेत आहे आणि माझ्या लग्नाचे माझ्याकडे आहेत, तेव्हा आई, तू रडू नकोस.

बाबा, लहानपणी मला मांडीवर घेऊन कीबोर्डवर 'क' कुठं आहे ते शोधायला लावायचा आणि सापडला की ओरडायचा, आई जेवायला हाका मारून दमायची. त्या टेबलावर मी कशी काही वाईट करीन हो?

आता नीट ऐका. टाइमशिफ्ट लावलंय, सिस्टीम बिघडली तर मागच्या तारखेला नेता येते, पण त्यात तुमच्या फाइली आणि फोटो येत नाहीत, ते दर रविवारी निळ्या बाहेरच्या डिस्कवर कॉपी करायचे आणि झालं की डिस्क काढून कपाटात, लावून ठेवायची नाही. विजा सुरू झाल्या की प्लगच काढा. लाइट गेली तर यूपीएसवर काम करत बसू नका, लगेच शटडाउन. पासवर्ड स्क्रीनला चिकटवू नका, डायरीत. "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, हे अ‍ॅप घ्या" असा फोन आला तर ठेवून द्या, कितीही गोड बोलला तरी. आणि बाबा, खुर्चीवर दोन तास सलग नाही, गुडघा बघा जरा, आई लक्ष ठेव.

महिनाभर वापरून बघा. तरी नाहीच जमलं तर दिवाळीला येईन तेव्हा तुम्ही म्हणाल ते टाकून देते, शब्द माझा.

तुमची
सोनू

ता. क. प्रिंटर चालतोय, ड्रायव्हरची सीडी शोधू नका. कागद फक्त उलटा घालू नका.