काका, सा कुठे आहे ते आता दिसतं

ती. काका,
साष्टांग नमस्कार.

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही "आधी चहा घे" म्हणून विषय बदलता, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहितेय. शिवाय गिटारवर पेंटॅटॉनिकच्या, म्हणजे पाच सुरांच्या स्केलच्या, पाच पोझिशन (हात ठेवायच्या जागा) पाठ करून तिथेच अडकलेली माझ्यासारखी मुलं-मुली मुंबईत पुष्कळ असतील. तुम्ही दिलेलं त्यांच्यापर्यंतही पोचावं, असं मला मनापासून वाटतं.

तुमच्याकडे आले तेव्हा ए मायनर पेंटॅटॉनिकचे पाचही बॉक्स, म्हणजे त्या पोझिशनचे बोटांचे आकार, मला तोंडपाठ होते. ए, सी, डी, ई, जी हे पाच सूर, प्रत्येक तारेवर दोन, पाचव्या फ्रेटपासून (गिटारच्या दांडीवरचं पाचवं घर) थेट सतराव्यापर्यंत. बोटं अडखळत नव्हती. पण बॅकिंग ट्रॅक, म्हणजे साथीचं रेकॉर्डिंग, लावला की लीड (त्यावरची मुख्य चाल) निघायचं नाही, पाढे म्हटल्यासारखे सूर एकामागून एक यायचे. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत आणि एवढंच विचारलंत, "यात तुझा सा कुठाय?"

मग बॉक्स बाजूला ठेवायला लावलेत. फक्त ए, म्हणजे इथला सा, शोधायचा, दुसरा सूर वाजवायचा नाही. पहिल्या पोझिशनमध्ये तो सहाव्या आणि पहिल्या तारेवर पाचव्या फ्रेटला, आणि चौथ्या तारेवर सातव्याला. दुसरीत चौथ्या तारेवरचा तोच सातवा, शिवाय दुसऱ्या तारेवर दहावा. तिसरीत हाच दहावा आणि पाचव्या तारेचा बारावा. चौथीत पुन्हा तो बारावा आणि तिसऱ्या तारेचा चौदावा. बघता बघता लक्षात आलं की शेजारच्या दोन पोझिशनना जोडणारा एक तरी सा दोन्हींत असतोच. त्याच्यावर पाय ठेवून पलीकडे जायचं. इतकी वर्षं हे पाच वेगळे आकार म्हणून शिकवतात, ते का, हे मला अजून कळत नाही.

यापेक्षाही मोलाचा ठरला तो एका तारेचा रियाज. तिसरी तार, बाकीच्यांना हात लावायचा नाही. दुसरा फ्रेट, पाचवा, सातवा, नववा, बारावा, चौदावा: ए, सी, डी, ई, जी आणि वरचा ए. सतारीवर बहुतेक सगळं वादन एकाच तारेवर होतं, मग गिटारवर का नको, हा तुमचा मुद्दा. आडवं जायला लागल्यावर दोन सुरांमधलं अंतर हाताला कळू लागलं. कुठे दोन फ्रेट, कुठे तीन. उभ्या बॉक्समध्ये हे कधी जाणवलंच नव्हतं.

बेंडिंगच्या, म्हणजे तार ओढून सूर चढवायच्या, वेळी तर तुम्ही मला अक्षरशः सोडलं नाहीत. तिसऱ्या तारेचा सातवा फ्रेट म्हणजे डी. तो ओढून ई करायचा आणि लगेच दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवरचा ई वाजवून पडताळायचा. "पोचलं नाही. अजून. आता पुढे गेलीस." अनामिका तारेवर, तिच्यामागे मधलं बोट आणि तर्जनी आधाराला, जोर बोटांचा नाही तर मनगटाचा. तुम्ही माझं मनगट हातात धरून दार उघडायच्या कडीसारखं फिरवून दाखवलंत, तो कोन आजही माझ्या हातात आहे.

आणि काकूंचे आभार वेगळे मानायला हवेत. आपण सीच्या कॉर्डवर हेच पाच सूर वाजवत होतो आणि त्या आतून म्हणाल्या, "अरे, हा तर भूप!" मग तुम्ही सूर तेच ठेवून खालचा आधार बदलत गेलात. सी सा धरला तर भूप, डी धरला तर मध्यमाद सारंग, ई धरला तर मालकंस, जीवर दुर्गा, एवर धानी. पाच सुरांत पाच रागांचे स्वर. राग म्हणजे नुसते सूर नव्हेत, प्रत्येकाचं चलन, म्हणजे सुरांतून फिरण्याची रीत, निराळं, हे काकूंनी बजावलं ते बरोबरच. पण त्या संध्याकाळी मला पोझिशन बदलण्याचा खरा अर्थ कळला. बोटं कुठेही असोत, कान कुठल्या सुराला घर मानतो त्यावर सगळं ठरतं.

ए मायनर, एफ, जी या कॉर्डवर सोलो वाजवताना मी आता तेच करते. एफ आला की ए किंवा सीवर थांबते, जी आला की जी किंवा डीवर. सूर कमी झालेत आणि परवा भावाने स्वयंपाकघरातून हाक मारून विचारलं, "ही चाल कुठली?"

ऑर्केस्ट्रात, गणपतीच्या मांडवात, हळदीच्या कार्यक्रमांत तुम्ही आयुष्यभर वाजवलंत. कधी पुढे उभे राहिला नाहीत. फीचा विषय काढला तर रागावायचात, म्हणून मी धोबीतलावहून तुमच्यासाठी तारांचा सेट आणायचे, तोही तुम्ही माझ्याच गिटारला चढवायचात. बिल्डिंग पुनर्विकासाला गेली आणि तुम्ही बदलापूरला राहायला गेलात. आपल्या मजल्यावरच्या कितीजणांना ठाऊक होतं की त्यांच्या शेजारी इतका जाणता वादक राहतो? त्यांनाही हे कळावं, हाही या पत्रामागचा एक हेतू.

एक गोष्ट तुम्ही राखून ठेवली होतीत. पाचव्या तारेचा सहावा फ्रेट आणि तिसऱ्याचा आठवा, डी आणि ईच्या मधला तो ब्लू नोट, ब्लूजचा रंग देणारा जादा सूर. "हा नंतर," म्हणाला होतात. येत्या रविवारी सकाळच्या लोकलने गिटार घेऊन येते. काकूंना सांगा, जेवायलाच थांबेन.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची शिष्या