मार्चमध्ये येत नाहीये, पण दसरा झाला की तुम्ही निघा

ओकायामा,
22 डिसेंबर 2025

ती. आई-बाबांना,
सा. न.

पत्र बघून आईच्या पोटात गोळा येईल, म्हणून आधीच सांगते. मी ठणठणीत आहे, नोकरी शाबूत आहे, कुणाशी भांडण झालेलं नाही. रविवारी फोनवर बाबांनी "मार्चचं काय ठरलं?" असं विचारलं, मी "बघू" म्हटलं आणि विषय गॅलरीच्या जाळीवर नेला. खरं म्हणजे बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. पुण्याच्या ऑफिसात बदली मिळत होती, ती मी घेतली नाही. मी इथेच राहते आहे आणि कायम निवासाचा अर्जही भरला आहे.

बाबा, चष्मा काढून ठेवू नका. पुढचंही वाचा.

कायम निवास म्हणजे नागरिकत्व नव्हे. पासपोर्ट आपलाच राहतो. साधारण दहा वर्षं इथे काढली की अर्ज करता येतो, ती माझी भरली. मंजूर झाला तर व्हिसा वाढवायच्या फेऱ्या सुटतील आणि उद्या नोकरी बदलली तरी इथून गाशा गुंडाळावा लागणार नाही. बँका घरासाठी कर्ज देतानाही हेच आधी विचारतात. घर घेत नाहीये, आई. नुसतं सांगतेय.

आता कारणं. पुण्यात माझं काम म्हणजे इकडचे निरोप तिकडे आणि तिकडच्या सबबी इकडे. इथे मिझुशिमाला मी यंत्रापाशी उभी असते, बिघडलं तर हात घालते, ते सोडून मला खुर्चीत बसायचं नाही. शिवाय ऑफिस हिंजवडीला, घर सिंहगड रोडला. सकाळी आठला निघून रात्री नऊला टेकणारी मुलगी तुम्हाला मिळाली असती आणि आईने तिच्यासाठी जेवण झाकून ठेवत बसायचं. पगाराचं तर बोलतच नाही. तुम्हाला ही सगळी कारणं पटतील, दादाला पटली. पण सगळ्यांत खरं कारण जरा बाळबोध आहे, म्हणून ते शेवटी: इथलं वर्ष माझ्या अंगवळणी पडलंय. कधी काय पिकतं, कधी काय वाळत घालायचं, कुठल्या आठवड्यात कुणाकडे काय न्यायचं, हे मला आता कॅलेंडर न बघता कळतं. एका जागी असं रुळायला फार वेळ लागतो हो. परत पहिल्यापासून करायचं बळ माझ्यात नाही, आणि पुणंही मी सोडलं तेव्हाचं राहिलेलं नाही.

आजचंच बघा. आज तोजी, वर्षातली सगळ्यात मोठी रात्र. आज टबातल्या कढत पाण्यात युझू टाकून अंघोळ करायची आणि जेवणात लाल भोपळा करायचा. युझू म्हणजे खडबडीत सालीचं पिवळं फळ, लिंबाच्याच जातीचं. खालच्या मजल्यावरच्या आजींनी सकाळी दाराच्या मुठीला पिशवी अडकवून ठेवली होती. अख्खंच फळ सोडायचं, चिरायचं नाही, नाहीतर अंग चुरचुरतं. पाण्यावर ती डुलत असतात, हाताने नुसतं दाबलं तरी सालीतलं तेल सुटतं आणि वाफेबरोबर वास सगळ्या घरात भरतो. आई, नरक चतुर्दशीला तू पाठ अशी काही खसाखसा घासायचीस की मी वाडा डोक्यावर घ्यायचे. आता पाठ घासायला कुणी नाही, मग लांब दांड्याचा ब्रश आणलाय. त्याला तुझ्या हाताची सर नाही.

आजी रोज माझी विचारपूस करतात, हे तुम्हाला माहीत असलेलं बरं. नोव्हेंबरात आम्ही दोघींनी काकी वाळत घातल्या, म्हणजे पर्सिमन नावाची नारिंगी फळं. तुरट काकी, तशाच खाल्ल्या तर जीभ आखडून जाते. देठाची छोटी काडी ठेवून साल काढायची, काडीला सुतळीची गाठ मारायची, उकळत्या पाण्यात क्षणभर बुचकळायची आणि गॅलरीत टांगायची, एकमेकींना लागता कामा नये. आठवड्याभराने वरची कातडी घट्ट झाली की बोटांनी हलकेच चोळायची, म्हणजे आतला गर मऊ पडतो. आजींची बोटं संधिवाताने वाकडी झाली आहेत, तरी त्यांची एकही काकी फाटली नाही. माझ्या तीन फाटल्या. आता वरून पांढरी साखर धरलीये. आईला आवडतील. बाबांना एकच, तीही साखर तपासून.

पुढच्या आठवड्यात इथली खरी दिवाळी. जपानने 1873 मध्ये इंग्रजी कॅलेंडर घेतलं तेव्हापासून नवीन वर्ष 1 जानेवारीलाच. त्याआधी घर वरपासून खालपर्यंत धुऊन काढायचं, पंख्यांसकट. नवीन वर्षाची कार्डं 25 तारखेच्या आत टाकली की पोस्टमन ती बरोबर 1 तारखेला वाटतो. तुमचं कार्ड मी लवकरच टाकलंय, यंदा घोडा आहे. बाबांसाठी एक गंमत. हे घोड्याचं वर्ष साठ वर्षांनी येणारं, आगीच्या घोड्याचं. या वर्षी जन्मलेली मुलगी तापट निघते आणि नवऱ्याला जड जाते, अशी जुनी समजूत. मागच्या खेपेला, म्हणजे 1966 साली, लोकांनी मुलंच होऊ दिली नाहीत. आदल्या वर्षी 18 लाखांवर मुलं जन्मली होती, त्या वर्षी साडेतेरा लाखांच्या आसपास. माझ्या पत्रिकेतल्या मंगळावर मावशीने केलेला खर्च आठवून मी एकटीच हसले. मावशीला हे सांगू नका, ती शांत करून आणेल.

31 च्या रात्री सोबा, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया, खातात. त्याच्या रश्शात माशाचं असतं, पण आजी माझ्यासाठी समुद्रातल्या कोंबू शेवाळाचं वेगळं काढून ठेवतात. तेव्हा "काय खातेस गं" ही चिंता सोडा. तूरडाळ, पोहे, गोडा मसाला असं सगळं टोकियोच्या निशिकसाईतल्या दुकानातून पार्सलने येतं. मग बारा वाजता देवळात घंटेचे टोल. 108, बाबांच्या जपमाळेच्या मण्यांइतके. शेवटचा टोल होईस्तोवर पाय बधिर होतात. दोन मोजे घालते, आई. लोकरीची बंडीही घालते, तीच, बाहीला ठिगळ लावलेली.

1 तारखेला सकाळी कोराकुएनमध्ये जाणार. बाबा, तुम्ही रोज फेऱ्या मारता त्या पुलं उद्यानाचं हे मूळ गाव. तिथल्यासारखीच हिरवळ, मधून झुळझुळ पाणी, लाकडी पूल. फक्त ही बाग 1700 साली पुरी झाली, आणि इथे "गवतावर बसू नये" ही पाटी दहापैकी दहा माणसं पाळतात. वर्षाच्या पहिल्या दिवशी इथले लाल टोपीचे करकोचे पिंजऱ्यातून बागेत फिरायला सोडतात. गर्दी श्वास रोखून उभी असते आणि ते पक्षी कुणाकडेही न बघता संथ चालतात. नदीपलीकडे काळा किल्ला. युद्धात 1945 साली जळला, 1966 साली पुन्हा उभा केला, आत लिफ्ट आहे. सिंहगड चढणाऱ्या माणसाला लिफ्टचा किल्ला बघून काय वाटेल ते माहितीये मला, पण गुडघ्यांचं मत वेगळं पडेल.

यंदा कोजागरी आणि इथली चंद्र बघायची रात्र एकाच दिवशी आली, 6 ऑक्टोबरला. आजींनी तांदळाच्या पिठाचे गोळे रचून ठेवले, गवताचे तुरे लावले, मी जायफळ घालून दूध आटवलं. त्यांच्या चंद्रावरही ससाच आहे, फक्त तो उखळात भात कांडतो. त्यांनी दूध दोनदा मागून घेतलं.

बाबा, एक गोष्ट तुम्हाला बरी वाटेल. सप्टेंबरात दिवस-रात्र सारखे होतात तेव्हा इथे आठवडाभर लोक पितरांच्या थडग्यांवर जातात, फुलं ठेवतात, दगड पाण्याने धुतात. आपला पितृपक्ष त्याच सुमाराला. तुमच्याकडे नानांचं पान वाढलं जातं त्या दिवशी मीही इथे भात-वरण वाढून गॅलरीत ठेवते. इथले कावळे अगदीच धटिंगण, लगेच शिवतात. नानांच्या शेवटच्या दिवसांत जे झालं, ते तुमच्याही मनात असणार हे पत्र वाचताना. मला माहीत आहे. ते परत होणार नाही. तुमच्यापैकी कुणालाही काही झालं तर मी दुसऱ्या दिवशी घरी असेन, तेवढे पैसे वेगळ्या खात्यात काढून ठेवलेत आणि साहेबांना तसं बजावून ठेवलंय.

आणि भूकंपाचं म्हणाल तर ओकायामा त्या मानाने सुरक्षित. पाऊसही इथे कमी, उन्हाचा प्रांत म्हणून हे लोक मिरवतात. 2018 च्या जुलैत इथल्या माबी गावाला पूर आला तेव्हा बाबा रात्रभर टीव्हीसमोर बसले होते, पानशेतही जुलैतलंच ना. पण माझं घर उंचावर आहे, नकाशा पाठवला होता. दवाखान्याचा खर्च विम्यातून जातो, मला तीस टक्के भरावे लागतात. वर्षातून एकदा ऑफिसच सगळ्या तपासण्या करून घेतं. माझं हिमोग्लोबिन बारा आहे. आईचं किती, ते मला अजून कळलेलं नाही.

आता माझं ठरलेलं ऐका. एप्रिलच्या अखेरीस गोल्डन वीकच्या सुट्ट्यांत मी घरी येतेय, तिकीट काढलंय, देवगडची पेटी सांगून ठेवा. आणि दसरा झाला की तुम्ही दोघं इकडे. नातेवाइकांचा व्हिसा नव्वद दिवसांपर्यंतचा मिळतो, आईवडिलांना कायमचं आणायची सोय इथे नाही. असती तर मी विचारलं असतं, आणि तुम्ही नाही म्हणाला असतात, तेही मला माहीत आहे. म्हणून नव्वद दिवस.

फुलांचा मोसम का नको, ते आईला आधीच सांगते, कारण ती फोटो दाखवून हट्ट करणार. साकुराच्या, म्हणजे चेरीच्या फुलांच्या दिवसांत सुगी नावाच्या जपानी देवदारांचे परागकण हवेत असतात, निम्मं गाव मास्क लावून शिंकत असतं. बाबांच्या दम्याला ते झेपणार नाही. जूनमध्ये चिकचिक पाऊस, ऑगस्टमध्ये अंगाची लाही. जानेवारीत ही घरं आतून गार पडतात, न्हाणीघरात तर दात वाजतात. म्हातारी माणसं थंडीतून एकदम कढत पाण्यात उतरली की भोवळ येऊन पडतात, दर वर्षी ऐकते. ऑक्टोबर-नोव्हेंबर मात्र सोन्यासारखा. घट आणि दसरा घरी होईल, कोजागरी इथे, आणि लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला रविवारी, मला रजाही टाकावी लागणार नाही. नंतर मेपल लाल होतात. एक दिवस क्योटोला जाऊ, शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, तासाभराचा रस्ता. तिथे गणपतीच्या नैवेद्याची एक मिठाई मिळते, मुरड घालून पुरचुंडी बांधलेली, तिळाच्या तेलात तळलेली. आई, तू चाखून सांग, मोदकाची कोण लागते ते. डिसेंबर लागला की घरी.

त्यासाठी काय करायचं ते लिहून देते, फ्रिजवर लावा. बाबांचा पासपोर्ट जुलैत संपतोय, जानेवारीतच अर्ज करा, एजंट नको, मी ऑनलाइन भरते, तुम्ही फक्त फोटो काढा, आणि फोटोत हसू नका. आईचा मोतीबिंदू फेब्रुवारीत. "उन्हाळा झाल्यावर" हे उत्तर मी मागच्याही उन्हाळ्यात ऐकलंय. माळ्यावर चढायचं नाही, दोघांनीही नाही, स्टुलावर तर मुळीच नाही. काही काढायचं असेल तर वॉचमनला शंभर रुपये द्या. बाबा, बीपीची गोळी रात्रीची आहे, सकाळी आठवली म्हणून सकाळी घ्यायची नसते. स्कूटर विकून टाका. तुम्ही मला त्याच स्कूटरवरून रानडेला जपानीच्या तासाला सोडायचात, पावसात स्वतः भिजून रेनकोट मला घालायचात, त्यामुळे ती विकवत नाही हे मी समजू शकते. निदान तिची चावी आईकडे द्या.

माझ्या खोलीतलं कपाट रिकामं करायची घाई करू नका, पण आत्याच्या मुलाला अभ्यासाला खोली हवी असेल तर खुशाल द्या. मला वाईट वाटणार नाही. थोडंच वाटेल.

आई, रागावली असलीस तर दोन दिवस फोन नको घेऊस, चालेल. तिसऱ्या दिवशी घे.

तुमची,
चिमी

ता. क. दादाला सगळं माहीत आहे. मावशीला तू सांग, पण दुपारच्या चहानंतर, आणि घर घेतेय असं सांगू नकोस, कारण घेत नाहीये.