तिलावाची चांदी मोजली, माणसं कधी मोजणार?

मा. केंद्रीय बंदरे, जहाजवाहतूक व जलमार्ग मंत्री यांस,

सविनय नमस्कार.

गेल्या मंगळवारी पोस्टमनने वडिलांच्या नावाचा लिफाफा आणून दिला. वडील जाऊन तेव्हा एकोणीस दिवस झाले होते. समुद्रात बुडालेल्या एका खलाशाचं नाव पाटीवर यावं, या आमच्या अर्जाचं ते उत्तर. आत दोनच ओळी: अर्जासोबत संबंधित खलाशाच्या मृत्यूचा मूळ दाखला जोडलेला नसल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे.

ते खलाशी म्हणजे माझे आजोबा. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या 'तिलावा' बोटीवर होते. बोट १९२४ सालची, दहा हजार टनांची. २० नोव्हेंबर १९४२ ला ती मुंबईहून पूर्व आफ्रिका आणि दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनकडे निघाली. बोटीवर ९५८ माणसं, बहुतेक आपलीच. २३ तारखेच्या पहाटे सेशेल्सच्या ईशान्येला, भर समुद्रात, जपानच्या आय-२९ पाणबुडीने टॉर्पेडो मारला. बोट लगेच बुडाली नाही. माणसं होड्यांत उतरली, काही जण परत बोटीकडे वळले, आणि मग दुसरा टॉर्पेडो आला. २८० माणसं गेली. दोन दिवसांनी ब्रिटनची बर्मिंगहॅम युद्धनौका पोचली आणि तिने वाचलेल्यांना मुंबईला आणलं. त्यांत आजोबा नव्हते.

समुद्रात बुडालेल्या माणसाचा मृत्यूचा दाखला कोण देतो, मंत्रीमहोदय? गावचा तलाठी? ग्रामसेवक? आजीने बारा वर्षं कुंकू पुसलं नाही. प्रेत नाही, कागद नाही, मग माणूस गेला असं म्हणायचं कशावरून? बारा वर्षं भरल्यावर भटजींनी दर्भाचा पुतळा करून अग्नी दिला. वडील तेव्हा सोळा वर्षांचे होते. बापाचा चेहरा त्यांना आठवत नव्हता. एवढंच आठवायचं, की कोणीतरी त्यांना खांद्यावर घेऊन खाडीच्या धक्क्यापर्यंत गेलं होतं.

काही वर्षांपूर्वी एका समारंभात एका बड्या अधिकाऱ्यांनी वडिलांचा हात हातात घेऊन सांगितलं, "काका, नावं पाटीवर येतील, तुम्ही फक्त अर्ज द्या." त्या एका वाक्यावर मी त्यांना मुंबईला चार वेळा नेलं. रातराणी एसटीने, गुडघे सुजलेले असताना. दर वेळी टेबल वेगळं, साहेब वेगळे, आणि मागायचे ते कागद वेगळे. शेवटच्या फेरीत ते जिन्यातच बसले आणि म्हणाले, "आता पुरे." मी ऐकलं नाही, पुन्हा अर्ज टाकला. त्या अर्जाचं हे उत्तर.

आता चांदीचं सांगतो, कारण ते वाचल्यापासून मला झोप नाही. तिलावावर चांदीच्या २,३६४ विटा होत्या, दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने नाणी पाडायला विकत घेतलेल्या. २०१७ मध्ये एका खासगी कंपनीने अडीच किलोमीटर खोल पाण्यातून त्या वर काढल्या. मग खटला चालला, चांदी वर काढल्याचा मोबदला कंपनीला दक्षिण आफ्रिकेकडून मागता येतो का, यावर. मे २०२४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने निकाल दिला. पंचाहत्तर वर्षं समुद्रतळाशी पडलेल्या विटांचाही हिशेब लागला. बोटीच्या ज्या पोटातून विटा काढल्या त्याच पोटात माझ्या आजोबांची हाडं असतील. त्यांच्यासाठी आपल्या सरकारने कुठल्या कोर्टात वकील उभा केला?

आणि हे एका बोटीपुरतं नाही. दुसऱ्या महायुद्धात व्यापारी जहाजांवर साडेसहा हजारांच्या आसपास भारतीय खलाशी मेले. रत्नागिरीकडचे, गोव्याचे, गुजरातचे, सिल्हेटचे. गोऱ्या खलाशाच्या पगाराचा लहानसा हिस्सा त्यांच्या हातात पडे. १९३९ ला युद्ध सुरू होताच त्यांनी पगारवाढीसाठी संप केले, तर कित्येकांना तुरुंगात टाकलं. लंडनमध्ये टॉवर हिलच्या स्मारकावर ब्रिटनच्या मेलेल्या खलाशांची नावं जहाजवार कोरलेली आहेत, कोणीही जाऊन बोट फिरवू शकतं. आपल्या माणसांची नावं वहीत राहिली, एक वही मुंबईत, एक चितगावला. बंदुकीचा एक बारही न काढता मेलेल्या माणसाला हा देश शहीद म्हणत नाही. तो गणवेशात नव्हता, म्हणून तो कोणाचाच नाही.

आजही तेच चाललंय. मालकांनी पगार न देता परक्या बंदरात सोडून दिलेल्या खलाशांत अलीकडे सगळ्यात जास्त भारतीय आहेत. आमच्या पंचक्रोशीतली पोरं एजंटाला लाखो रुपये मोजून बोटीवर चढतात आणि आई-बाप वर्षभर फोनची वाट बघतात. दर ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन होतो, छातीला बिल्ले लागतात, भाषणं होतात. त्या पोरांच्या घरी कोण जातं?

२०२२ मध्ये तिलावाला ऐंशी वर्षं झाली, तेव्हा बुडालेल्यांच्या कुटुंबांनी स्वतः धडपडून मुंबईत सभा घेतली. सरकारने करायचं काम त्यांनी केलं.

मला पैसा नको. मुंबई बंदरात, जिथून बोट सुटली तिथे, २८० नावांची पाटी लावा. युद्धात गेलेल्या सगळ्या खलाशांची यादी छापा आणि बंदर असलेल्या प्रत्येक जिल्ह्यात वाचायला ठेवा. आणि ज्यांना समुद्राने नेलं त्यांच्या पोराबाळांकडे मृत्यूचा दाखला मागायचा नाही, असा लेखी आदेश काढा.

अर्ज पुन्हा पाठवत आहे. सोबत वडिलांच्या मृत्यूचा दाखला जोडला आहे. आजोबांचा नाही.

आपला,
तिलावावरच्या एका खलाशाचा नातू
जिल्हा रत्नागिरी