शाहूपुरीतल्या लॅपटॉपवाल्या दादांना

दादा,
सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी दुकानातून निघताना मी नुसतं "लई उपकार झाले" म्हणालो. मागं गिऱ्हाइकं ताटकळली होती, बोलायला सवड नव्हती. पण तेवढ्यावर भागवणं मनाला पटेना, म्हणून हे पत्र. चारचौघांनी वाचावं म्हणून उघडच लिहितोय.

मी करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेचा सचिव. दोन्ही वेळचं संकलन, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक), दर दहा दिवसांचं बिल, सगळं त्या लॅपटॉपवर. दिवाळीच्या तोंडावर फरक बिलाची, म्हणजे वर्षभराच्या दुधावर सभासदांना मिळणाऱ्या वाढीव रकमेची, जुळणी चालली होती आणि त्यानं हे आरंभलं. चालू केला की कंपनीचं चिन्ह, मग फर्मवेअर (मशीन चालू करणारा बोर्डावरचा मूळ प्रोग्रॅम) खराब आहे, दुरुस्ती सुरू आहे, बंद करू नका असा संदेश. पट्टी सरकत शेवटाला जायची, पंखा घोंघावायचा, स्क्रीन काळी व्हायची, आणि परत तेच चिन्ह. रात्रभर चार्जरला लावून ठेवला तरी सकाळी पट्टी सरकतच होती. वर्षभर कुणी किती लिटर घातलं त्यावर फरक ठरतो. एका म्हशीच्या दुधावर पोरांच्या कपड्यांचा हिशेब धरून बसलेल्या बायका आमच्याकडं सभासद आहेत. त्यांना काय सांगायचं, याचंच ओझं होतं.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनं पाहिलं न पाहिलंसं करून मदरबोर्ड बदला म्हणून सांगितलं. खर्चाचा आकडा नव्या लॅपटॉपच्या निम्म्याच्या पुढं, आणि डेटाची जबाबदारी आमची नाही, असं वर.

तुम्ही मात्र स्क्रू काढायच्या आधी विचारलंत, "पाव्हणं, बिटलॉकरची की हाय का?" बिटलॉकर म्हणजे विंडोजनं डिस्कला लावलेलं कुलूप; मला तो प्रकारच माहीत नव्हता. तुम्ही माझ्याच मोबाईलवर मायक्रोसॉफ्टचं खातं उघडायला लावलंत, तिथले किल्लीचे ४८ आकडे डायरीत उतरवून घेतलेत आणि मोठ्यानं परत वाचायला लावलेत. फर्मवेअरला हात लागला की सुरक्षा चिपला मशीन अनोळखी वाटतं आणि डिस्क कुलूप लावून बसते, हे तेव्हा समजलं. ती किल्ली आधी हातात नसती, तर लॅपटॉप सुरू होऊनही हिशेब आतच राहिले असते.

मग आधी साधे उपाय केलेत. चार्जर काढून पॉवरचं बटण दाबून धरलं, फॅट ३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर कंपनीची फाईल घालून बघितली. मशीन पेन ड्राइव्हकडं बघायच्या आधीच दुरुस्तीत शिरत होतं. एसएसडी, म्हणजे सगळा डेटा असलेली डिस्क, काढून बाजूला ठेवली तरी फेरा तोच. "म्हणजे तुमचा माल सुरक्षित हाय, दुखणं बोर्डावरच्या चिपमधी हाय," असं तुम्ही म्हणालात, तेव्हा मी पहिल्यांदा चहा घेतला.

पुढचं मी कधी विसरणार नाही. बॅटरीची वायर काढलीत, गोल सेलही काढलात. नखाएवढी आठ पायांची चिप, तिच्यावरचा नंबर भिंगातून वाचलात, कारण काही चिपा ३.३ व्होल्टच्या असतात, काही १.८ च्या, आणि विजेचा चुकीचा दाब दिला की खेळ खलास. चिपच्या कोपऱ्यातल्या ठिपक्याशी तिचे पाय धरणाऱ्या क्लिपची लाल तार जुळवलीत आणि सीएच३४१ए प्रोग्रॅमरवरून (चिप वाचायच्या-लिहायच्या छोट्या यंत्रावरून) चिपमधले १६ एमबी वाचून घेतलेत. एकदा, परत एकदा. दोन्ही फायली जुळेनात. दुसरा कुणी असता तर चालतंय म्हणून पुढं गेला असता. तुम्ही क्लिप काढून पाय ब्रशनं पुसलेत, परत बसवलीत, आणि दोन वाचनं तंतोतंत जुळेपर्यंत चिपवर एक अक्षर लिहिलं नाहीत. ती मूळ फाईल माझ्या पेन ड्राइव्हवरही घालून दिलीत.

काम चालू असताना तुम्ही मला समजावूनही सांगत होतात. दुरुस्ती बाकी आहे, अशी खूण चिपमध्येच राहून गेलेली. मशीन ती वाचून राखीव प्रत घ्यायला जायचं, ती प्रतच तपासणीत नापास व्हायची, की पुन्हा पहिल्यापासून. कुठून तरी दुसऱ्या मशीनची तयार फाईल आणून ओतली असती तर लॅपटॉप चालूही झाला असता, पण सिरियल नंबर, विंडोजचं लायसन्स सगळं त्या दुसऱ्याचं आलं असतं. तुम्ही बिघडला तेवढाच भाग कंपनीच्या फाईलमधून घेतलात, माझ्या मशीनची ओळख जिथल्या तिथं ठेवलीत. लिहून झाल्यावर परत वाचून पडताळलंत. चालू केल्यावर स्क्रीन काळीच राहिली आणि माझा चेहरा उतरला, तर म्हणालात, "पहिल्यांदा मेमरी जुळवून घेतंय, थांबा जरा." थांबलो. चिन्ह आलं, मग निळ्या पडद्यानं ते ४८ आकडे मागितले.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. चांगलंच झालं. पण तो हक्क आमच्यासारख्याच्या पदरात पडतो तो तुमच्यासारखा माणूस भिंग घेऊन बसतो तेव्हा. बोर्ड बदलणं कुणालाही जमतं. बोर्डावर नेमकं काय बिघडलंय ते शोधायला चिकाटी लागते आणि दुसऱ्याच्या वस्तूबद्दल आदर लागतो. तुमच्याकडं दोन्ही आहे, आणि मजुरी सांगताना तुम्ही माझी अडचण मोजली नाहीत, तुमचं काम तेवढं मोजलंत.

फरकाची यादी वसुबारसेच्या आदल्या दिवशी फलकावर लागली. संचालक मंडळाच्या सभेत तुमच्या आभाराचा ठराव इतिवृत्तात घेतलाय, त्याची प्रत सोबत जोडली आहे. बिटलॉकरची किल्ली आता संस्थेच्या तिजोरीत कागदावर आहे. शेजारच्या गावच्या सचिवांनाही तुमचा पत्ता दिलाय, त्यांचा लॅपटॉप चार्जिंग घेत नाही. पुढच्या आठवड्यात त्यांना घेऊन येतो.

आपला,
एका दूध संस्थेचा सचिव