विजेच्या धोक्याचा हिशेब युनिटमागे मांडा

संपादक, स. न.

जैतापूरच्या अणुप्रकल्पाचा विषय निघाला की चेर्नोबिल आणि फुकुशिमा आठवतात; कोराडीच्या कोळशावरील नव्या वीजसंचांची चर्चा मात्र रोजगार आणि दरावरच संपते. धोक्याची तुलना करायची तर ती तयार झालेल्या युनिटमागेच केली पाहिजे. जागतिक अभ्यासांत 100 कोटी युनिटमागे कोळशाचे सुमारे 25 मृत्यू धरले जातात, नैसर्गिक वायूचे 3 च्या आसपास, जलविद्युतचे 1.3. पवन, अणू आणि सौर हे तिन्ही 0.05 च्या आत. अणूच्या आकड्यात वरच्या दोन्ही दुर्घटना धरलेल्या आहेत. जलविद्युतचा आकडा मुख्यतः चीनमधील बान्च्याओच्या 1975 च्या धरणफुटीमुळे वाढलेला आहे.

कोळशाचा आकडा युरोपातील केंद्रांवरून काढलेला आहे. आपला कोळसा वेगळा. त्यात राख 30 ते 40 टक्के. 500 मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने चालला तर दिवसाला सुमारे 8,000 टन कोळसा जाळतो आणि 2,800 टनांच्या आसपास राख मागे ठेवतो. उडती राख ईएसपी, म्हणजे विजेच्या भाराने धुरातील कण ओढून घेणारी यंत्रणा, पकडते. सल्फर डायऑक्साइड वायू असल्याने तो ईएसपीतून सरळ चिमणीत जातो आणि पुढे हवेत त्याचेच सूक्ष्म कण बनून फुफ्फुसात उतरतात. 'भारतीय कोळशात गंधक कमी, अर्धा टक्काच' हा युक्तिवाद नेहमी होतो. पण 8,000 टनांचा अर्धा टक्का म्हणजे 40 टन गंधक, आणि त्यापासून रोज 80 टन सल्फर डायऑक्साइड, तोही एकाच संचातून! चुनखडीच्या पाण्याने हा वायू धुऊन काढणारी एफजीडी यंत्रणा उपलब्ध आहे. 2015 च्या अधिसूचनेने घातलेली मर्यादा पाळण्यासाठी ती लागणार होती. मुदती वाढत गेल्या आणि जुलै 2025 मध्ये देशातील बहुतांश केंद्रांना त्या मर्यादेतूनच सूट मिळाली. हा निर्णय चुकीचा आहे.

राखेच्या तळ्यांचा धोकाही मोजला जात नाही. पावसात बांधात पाणी मुरले आणि निचरा नीट नसला की बांध आतून पोखरत जातो. कोराडीचा खसाळा येथील राखबंधारा जुलै 2022 मध्ये फुटला आणि राखमिश्रित पाणी शेतांत शिरले.

अणुऊर्जा निर्धोक नाही. वापरलेले इंधन आधी काही वर्षे पाण्याखाली थंड करावे लागते आणि पुनर्प्रक्रियेनंतर उरणारा तीव्र किरणोत्सारी कचरा काचेत गोठवून हजारो वर्षे सांभाळावा लागतो. पण त्याचे आकारमान पाहा. तारापूरच्या 540 मेगावॅटच्या अणुभट्ट्यांसारख्या जड पाण्याच्या भट्टीत एक टन युरेनियम सुमारे 5 कोटी युनिट देते. तेवढ्याच विजेला कोळसा लागतो जवळपास 35,000 टन.

सौरऊर्जेत जीव जातो तो मुख्यतः छतावरून पडून. पॅनेलच्या तारा जोडणारे दोन वेगळ्या कंपन्यांचे डीसी कनेक्टर एकमेकांत बसवले तर सांधा तापून आग लागू शकते. पूर्ण शरीराला बांधायचा सुरक्षा पट्टा (हार्नेस) आणि एकाच बनावटीचे कनेक्टर या दोन अटी अनुदानाच्या तपासणीत सक्तीच्या हव्यात.

महानिर्मितीने प्रत्येक केंद्राची युनिटमागची राख, सल्फर डायऑक्साइड आणि पाण्याचा वापर दरमहा जाहीर करावा, आणि नव्या संचाच्या जनसुनावणीत हेच आकडे मराठीत लोकांपुढे ठेवावेत.

— औष्णिक केंद्रातील एक निवृत्त अभियंता, चंद्रपूर